चार इंचांत बावीस

आल्तारावरची चादर
मी आणि माझी जाऊ इजाबेल, दोघींत वाटून घेतलीय.
निम्मी वेंगुर्ल्यात, निम्मी मालवणात.
मधोमध शिवण,
आणि ती कुणाला दिसता कामा नये.

तिचा नमुन्याचा तुकडा आला एसटीच्या ड्रायव्हरकडून,
सुक्या बांगड्यांच्या पिशवीत, पेपरात गुंडाळून.
दोन दिवस उन्हात टाकला, वास गेला नाही.
मग तसाच घेतला टेबलावर, माझ्या तुकड्याशेजारी,
आणि बोटानं खांब मोजले.
तिचे चार इंचांत एकोणीस.
माझे बावीस.

एकशे पासष्ट खांबांच्या काठावर
हा फरक पावणेपाच इंच होतो.
वहीच्या मागच्या पानावर दोनदा भागाकार केला,
दोन्ही वेळा तोच.

फोनवर म्हणाली,
"तुजो हात आवळ गो.
विणतंस काय कोणाचो सूड घेतंस?"

आहेच माझा हात घट्ट.
मी लावलेलं लोणच्याच्या बरणीचं झाकण
माझ्याशिवाय कुणाला उघडत नाही.
तिचा सैल. उसनं देते आणि विसरते,
मागच्या दाराची कडी तर
वादळात गेली ती परत बसवलीच नाही.
हे सगळं दोऱ्यात उतरतं.
लपवायला जागाच नाही, भोकंच तर विणायची.

मी सव्वाची सुई ठेवून दीडची घेतली.
तिनं दीडची ठेवून सव्वाची.
आठवड्यानं तुकडे पुन्हा समोरासमोर:
माझे वीस, तिचे साडेएकवीस.
म्हणजे एकमेकींकडे निघालो
आणि परुळ्याच्या आसपास कुठेतरी
ओळख न दाखवता पुढे निघून गेलो.

"एकीनंच बदलूचा," ती म्हणाली.
"दुसरीन गप बसूचा."
कोणी गप बसायचं, यावर चार दिवस फोन नाही.

त्या चार दिवसांत मला टेपचा संशय आला.
पिवळी, शिवणकामाची, लग्नाआधीची.
रॉकीच्या कंपासपेटीतली स्टीलची पट्टी लावली तिला:
चार इंचांवर जवळजवळ दोन रेघा जास्त.
ताणून ताणून लांबलेली.
आणि मी हिच्यावर घरातल्या सगळ्यांच्या
छात्या, बाह्या, कंबरा मोजल्या, याच टेपनं कापलं,
सगळ्यांना सगळं बसलं!
घरातल्या घरात ती खरीच होती.
दुसऱ्याच्या टेपशेजारी ठेवल्यावर खोटी झाली.

फोन केला. टेपचं सांगितलं.
ती हसली नाही, मला वाटलं होतं हसेल.
म्हणाली, "माजी पण बघतंय."
मागे ड्रॉवर उघडल्याचा आवाज,
बराच वेळ.

तर आता असं ठरलंय.
सुई मी दीडचीच धरायची, तीही दीडची.
दोघींनी स्टीलच्या पट्टीनं मोजायचं.
तुकडा पेजेच्या पाण्यातून काढून,
गादीवर टाचून, पुरता वाळेपर्यंत
त्याच्याविषयी एक शब्द बोलायचा नाही.
टाचण्या पितळेच्या. मागच्या खेपेला लोखंडी लावल्या,
इथल्या हवेत एका रात्रीत गंजल्या,
चार कोपऱ्यांवर चार तांबूस ठिपके,
ते लिंबानंही गेले नाहीत.
आणि संध्याकाळी विणायचं नाही,
बोट यायला उशीर झाला की हात आवळतो.
हे शेवटचं मी तिला सांगितलेलं नाही.

आज सकाळी मोजले. माझे साडेवीस.
तिचे वीस, म्हणते ती,
आणि तिच्या "वीस"मध्ये अर्धा इकडेतिकडे असतो
हे मला सतरा वर्षं माहीत आहे.
तो अर्धा शिवणीत घालीन.

घरभर आता चौकोन झालेत.
एक चहाच्या टोपाखाली,
एक पाण्याच्या तांब्यावर,
ठिपकेवाला रॉकीनं क्रिकेटच्या बॅटला गुंडाळलाय.
कामिल जेवताना विचारतो, चादर किती झाली?

मी सांगते,
अजून सुरू केली नाही.